तीन हिसके

जहाजावरून,
४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आधी रागावून घेतो, मग बाकीचं. पाच जणांची तिकिटं, तुझ्या बॅगेवर लेकीने स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवलेली, वहिनीची ती दगडासारखी जड ट्रंक तू एकट्याने पार जहाजाच्या शिडीपर्यंत वाहून आणलीस, आणि मग काय? ट्रंक खाली ठेवलीस, म्हणालास, दादा, तू हो पुढे, मी वर थांबतो. आणि पाठ फिरवलीस. वर थांबतो! अरे शहाण्या, धक्क्यावर कसलं आलंय वर? वर तर आम्ही होतो.

सात वर्षं जहाजाच्या दवाखान्यात नर्सकी केल्यावर लेकीला घरच्यांना नव्वद दिवस बरोबर घेऊन फिरायची परवानगी मिळाली. जावई रजा काढून आला, नातीची शाळा बुडवली, आणि ज्या काकासाठी ती सगळ्यात जास्त झटली तो ऐन शिडीवर माघारी. तिने टोपी तीनदा काढली आणि तीनदा घातली. वहिनी तुला काय काय म्हणाली ते मी लिहीत नाही. कागद जळेल.

आता ऐक. ज्या भिंतीला टेकून तू ट्रंकेवर बसला होतास, तिच्यासमोर ती पांढरी सात मजली इमारत होती ना? मी लेकीला विचारलं, की या इमारतीच्या मागे आहे का तुझं जहाज. ती म्हणाली, बाबा, हेच जहाज. मी पुन्हा सगळे मजले मोजले. शिडी चढताना मी त्याच्या अंगाला हात लावला, तर लोखंड कोमट आणि आतून घुमत होतं. आणि धक्का आणि जहाज यांच्यामध्ये हातभर फट होती, तिच्यात वाकून पाहिलं. काळंभोर पाणी. कुणी खणलेलं नाही, कुणी सुरुंग लावलेला नाही, कुणी ओंजळभर गाळ उपसलेला नाही, आणि पाणी आपलं हजर. मी तिथेच थांबून राहिलो. मागच्या बाईने चला चला केलं तेव्हा हललो.

मग जहाज सुटायची वेळ झाली. मांडीएवढे जाड दोर जहाजाला धरून होते. धक्क्यावरच्या माणसांनी त्यांचे फास खुंटावरून काढले आणि दिले सरळ पाण्यात सोडून. मी मोठ्यांदा ओरडलो. आपल्या विहिरी खोदायच्या धंद्यात हातातला दोर सोडतात का कधी? आजूबाजूची माणसं हसायला लागली. जावयाने सांगितलं, मामा, दोर सोडल्याशिवाय जहाज निघणार कसं. बरोबरच आहे म्हणा. पण त्याच क्षणी मला तू दिसलास. दोन्ही हात पुढे केले होतेस. वहिनी म्हणाली, भावोजी निरोप देताहेत. मला तसं वाटलं नाही.

तर हे नीट वाच. २४ तारखेला जहाज वळसा घालून दक्षिणेच्या बंदराला लागतं. आपल्या घरापासून रेल्वेने अर्धा दिवस. तोवर तुझं तिकीट चालतं. तिथून पुढे सत्तर दिवस नुसता महासागर, आणि मग कंपनी कुणालाही चढवत नाही. विचार कर. उत्तर कंपनीच्या पुढच्या बंदरातल्या कचेरीवर टाक. तार करू नकोस, तार आली की वहिनी आधी रडते आणि मग वाचते.

राग खरा आहे आणि लोभही. दोन्ही सांभाळून ठेवावे.

तुझा
दादा

ता. क. भावोजी, ट्रंक जड होती कारण तिच्यात तुमच्या दादांनी माझ्या नकळत काहीतरी भरलंय. किल्ली देत नाहीत. भेटा तुम्ही, मग बघते दोघांकडे. — वहिनी


घरून,
८ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी सुखरूप पोचलो. पंपाचं दुकान उघडलं. तीन पंप दुरुस्तीला आले आहेत, त्यातला एक मेलेला आहे, पण मालकाला ते पटत नाही.

ट्रंकेत काय आहे ते मला माहीत आहे. घरी आलो तर खुंटीवर आपला दोर नाही. साठ हात दोर, चाळीस वर्षं एकाच खुंटीवर. मी सगळं घर पालथं घातलं आणि शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला जाऊन बोललो, कारण तो मागे पिठाची पोती बांधायला मागत होता. नाही नाही ते बोललो. मग ट्रंकेचं वजन आठवलं. जाऊन माफी मागितली. त्याने एक पाव हातावर ठेवला आणि म्हणाला, भाऊ गेल्यावर माणसाचं असं होतं. समुद्राच्या सहलीला जाताना विहिरीचा दोर नेणारा माणूस जगात तू एकटाच असशील.

तुला वाटलं ते बरोबर. मी निरोप देत नव्हतो. त्या माणसाने फास काढला आणि सोडला, तेव्हा माझे हात आपोआप दोर धरायला पुढे गेले. शेजारी एक हमाल होता, त्याला वाटलं मी पाण्यात पडतोय. त्याने मागून सदरा धरला. सदरा फाटला.

बाकी तू मला शहाणा म्हणालास, पण नियम काय आहे तो तुलाही ठाऊक आहे. बाबा विहिरीत खाली गुदमरले, त्यांना काढायला मामा उतरले, आणि दोघंही तिथेच राहिले. काठावर तिसरा कुणी नव्हता. तेव्हापासून आईचा नियम, एक खाली, एक वर. दोघांनी एका वेळी उतरायचं नाही. लेक म्हणते, काका, जहाज म्हणजे काही विहीर नाही. आता तूच सांग. चारी बाजूंनी उंच भिंती, खाली पाणी, आणि मला दिलेली खोली सगळ्यात तळाला, खिडकीसुद्धा नाही. मग विहीर आणखी कशी असते? तू उतरलास, मी वर आहे. नियम नियमासारखा पाळलेला बरा.

लेकीला सांग, काकाचा राग धरू नकोस. नातीसाठी लाकडी बदक केलं आहे. ते परत आल्यावर.

तब्येतीला जपावे आणि कठड्यावरून फार वाकू नये, एवढी विनंती.

तुझा
धाकटा


बंदरातून,
१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र कचेरीत तयार होतं. बेकरीवाल्याचा भाग मी जेवणाच्या टेबलावर सर्वांना वाचून दाखवला. वहिनीला ठसका लागला.

आता माझी फजिती ऐक. हो, दोर माझ्याकडे आहे. समुद्राची खोली मोजायची म्हणून आणला. हसू नकोस. जन्मभर पाण्याच्या वाटेवर खाली गेलो, हे पाणी किती खाली जातं एवढं तरी कळायला नको? चौथ्या दिवशी सकाळी, कोणी नाही असं बघून मागच्या कठड्यावरून दोर सोडला, टोकाला वहिनीचा उलथणा बांधून. पाण्याला लागला मात्र, दोर सरळ खाली जायच्याऐवजी आडवा मागे पळायला लागला! जहाज चालतंय हे मी विसरूनच गेलो होतो. इतकं गुळगुळीत चालतं, की पाय जमिनीवर असल्यासारखे वाटतात. मी ओढतोय, दोर ओढतोय, एवढ्यात मागून जहाजावरच्या दोरांचा मुकादम आला. दांडगा माणूस, दाढी छातीपर्यंत. वाटलं, आता बेड्याच. पण त्याने आधी माझ्याबरोबर दोर वर ओढला, मग टोकाच्या फासाची गाठ उलटीपालटी करून पाहिली आणि लेकीला बोलावून विचारलं, की ही गाठ म्हाताऱ्याला कुणी शिकवली. तुझी गाठ ती, धाकट्या. मी सांगितलं, माझ्या भावाची आहे. तेव्हापासून तो मला रोज सलाम ठोकतो. उलथणा गेला. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

मग त्यानेच खोली सांगितली. लेकीने हातांत हिशेब करून दिला. नऊ हजार हात. मी तिला तीनदा विचारलं. मग मी बसून आपल्या विहिरी आठवल्या. दोनशे बारा. सरासरी पंचवीस हात धरल्या आणि एकीच्या तळाला दुसरी, दुसरीच्या तळाला तिसरी अशा सगळ्या लावल्या, तर आपण दोघं जन्मभर खोदून निम्म्याच्या थोडंसंच पुढे गेलो असतो. आणि हे इतकं पाणी माझ्या चपलेखाली होतं, आणि मी त्यावर उभा राहून चहा पीत होतो. मला रडू आलं. लाज नाही वाटत सांगायला. भीतीने नाही आणि दुःखानेही नाही. इतकं मोठं काहीतरी आहे आणि आपल्याला ते बघायला मिळालं, याचंच रडू होतं. सूर्य वर येत होता आणि पाणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलत होतं, मधे कुठे झाड नाही, भिंत नाही. मी हात पुढे करून मोजायला गेलो आणि हात तसाच खाली घेतला. वाटलं, धाकट्याने हे पाहिलं नाही तर माझं पाहिलेलं अर्धंच.

म्हणून आता स्पष्ट विचारतो. तुझं पत्र मी चारदा वाचलं. एवढ्याशा पत्रात नियम नियम नियम. तू जेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतोस तेव्हा दुसरी काहीतरी लपवत असतोस, लहानपणी सुद्धा असंच. भावापासून काय लपवायचं? लिही. तुझ्या खोलीत सध्या नातीच्या बाहुल्या राहतात. त्यांना जागा खाली करायला सांगू का नको, तेही लिही.

तुझ्या गाठीइतकाच पक्का लोभ आहे, तो तसाच राहो.

तुझा
दादा

ता. क. उलथण्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं. — वहिनी


घरून,
१६ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

लिही म्हणालास, लिहितो. दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो होतो.

शाळेच्या अंगणातली विहीर आठवते? एकतीस वर्षं झाली. तू दोराच्या फासात बसून वर येत होतास आणि मधेच खाली गेलास, भिंतीवर आदळलास, खांदा निखळला. तू सगळ्यांना सांगतोस की तुझा पाय कपारीतून सटकला. अजून सांगतोस. पाहुण्यांनासुद्धा.

तुझा पाय सटकला नव्हता. दोर माझ्या हातातून सुटला होता. सकाळपासून ओढत होतो, तळव्यांना फोड आले होते, ओल आली होती आणि मी दोर खुंटाला दीड वेढा द्यायचा विसरलो होतो. क्षणभर हात उघडला. चार हात दोर गेला. मग धरला. तू वर आलास तेव्हा खांदा धरून हसत होतास आणि म्हणालास, पाय सटकला रे. मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर मला परत तोंड उघडता आलं नाही.

आई गेली तेव्हा तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली होती, तू वर आहेस म्हणून मला झोप लागते. तेव्हाही मी गप्पच होतो.

म्हणून मी कुठे जात नाही, दादा. तू खाली असताना मी काठ सोडू नये, एवढंच मला जमतं. एकदा सोडला होता, पुन्हा नाही. जहाजावर चढलो असतो तर मजेत बसलो असतो, आणि वर कुणीच नसतं.

आता तुला कळलं. बाहुल्यांना राहू दे. खांदा पावसाळ्यात दुखतो का अजून, हे मी आजवर कधी विचारलं नाही. विचारतो.

जमलं तर लोभ असू द्यावा.

धाकटा


जहाजावरून,
१९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

मूर्खा, मला माहीत होतं.

दोराच्या टोकाला मी बसलो होतो. पाय सटकला तर दोर ताठ राहतो, आणि दोर सुटला तर पोटातला श्वास वर राहून माणूस खाली जातो. चाळीस वर्षं खाली उतरणाऱ्याला यातला फरक कळत नाही होय? मी पाय सटकला म्हणालो, कारण वर आलो तेव्हा तुझं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं आणि तळव्यांची सालटी दोराला चिकटली होती. वाटलं, हा आता पुन्हा दोर हातात घेणार नाही, आणि मग मी कुणाच्या भरवशावर उतरू? म्हणून थाप मारली. मला वाटलं, तुला ती पटली. तुला वाटलं, ती मला पटली. एकतीस वर्षं दोघं मिळून एकच थाप सांभाळत बसलो. आईला कळलं असतं तर दोघांनाही बदडलं असतं.

आणि तू एक गोष्ट विसरलास. चार हात गेला म्हणतोस. पाचवा का नाही गेला? खाली अजून अठरा हात होते. त्या फोडांच्या हातांनी तू सुटलेला दोर परत धरलास. मला तो थांबल्याचा धक्का अजून आठवतो. खांदा त्यानेच निखळला, आणि मी त्यानेच वाचलो. पावसाळ्यात दुखतो. दुखला की मला तू आठवतोस, आणि बरं वाटतं.

आता तुझ्या नियमाबद्दल. मी लेकीबरोबर जाऊन जहाजाच्या धाकट्या कप्तानाला सरळ विचारलं, की आम्ही सगळे इथे आत असताना काठावर कोण असतं. वाटलं, हसेल. नाही हसला. मला चार जिने चढवून अगदी वरच्या काचेच्या खोलीत घेऊन गेला. तिथे एक माणूस उभा होता. बसलेला नव्हता रे, उभा. काम एकच, समोर बघत राहणं. चार तास झाले की दुसरा येतो, आणि दुसरा येऊन बघायला लागल्याशिवाय पहिला हलत नाही. जहाज बांधल्यापासून ती जागा एक क्षणसुद्धा रिकामी राहिलेली नाही. मी त्या माणसाला हात जोडले. अरे, इतक्या पाण्यावर, इतक्या दूर, आणि आपल्या आईचाच नियम! ही एवढी मोठी वस्तू त्यावरच चालते.  तेव्हा नियम मोडत नाही. काठावर माणूस आहे. तुला रजा मिळाली.

तरी तुझा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मुकादमाशी बोलून ठेवलं आहे. २४ तारखेला दुपारी सातव्या मजल्याच्या कठड्यावर, दवाखान्याच्या खिडकीशेजारी, मी उभा असेन. तिथून आपला दोर खाली धक्क्यावर सोडेन. या वेळी मी वर आणि तू खाली. खुणा त्याच. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे दोर ओढून घे, मी येत नाही. तीन म्हणजे काय ते मी लिहीत नाही. दोनशे बारा वेळा मी खालून दिलेत, तू वरून झेललेस, आणि प्रत्येक वेळी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलास, पाणी लागलं! आयुष्यात एकदा मलाही वरून ओरडायचं आहे.

पाच वाजता जहाज सुटेल. मी पाचपर्यंत दोर धरून उभा आहे.

लोभ असतोच रे. तो तुझ्याकडून कधी सुटला नाही.

तुझा
दादा

ता. क. भावोजी, हे पत्र लिहून झाल्यापासून माणूस दोर पुसत बसलाय. मी काहीच म्हणत नाही. फक्त एवढंच, येताना उलथणा आणा. — वहिनी


याच जहाजावरून, तळाची खोली,
२४ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तू वरच्या मजल्यावर, मी खाली, आणि तरी पत्र. समोर बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि वहिनीने उरलेले सत्तर दिवस ऐकवलं असतं. दाराखालून सरकवून जातो.

घराची किल्ली बेकरीवाल्याकडे दिली. म्हणालो, काठावर तू थांब. त्याला काही कळलं नाही, पण हो म्हणाला.

धक्क्यावर आलो तेव्हा दोर आधीच खाली लोंबत होता. टोक माझ्या छातीपाशी. मी मान वर केली. दादा, भिंत वर वर जात होती आणि सगळ्यात वर, आभाळाच्या तुकड्यापुढे, लिंबाएवढं तुझं डोकं. बाकी काही नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो मला सांगता येत नाही. चाळीस वर्षं तू खालून हेच बघत होतास? अंधारातून वर मान करून एवढंसं माझं डोकं, आणि तेवढ्यावर तू कुदळ उचलत होतास? मला वाटायचं, वर असणं म्हणजे काम आणि खाली असणं म्हणजे धाडस. खाली असणं म्हणजे दुसऱ्यावर केवढा विश्वास, हे मला आज कळलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, हमालांच्या गर्दीत.

दोर हातात घेतला तर हातांनी लगेच ओळखला. एक हिसका दिला. तू थांबलास. तुला वाटलं असेल, मी आता दुसरा देऊन मोकळा होणार. खरं सांगतो, मनात तेच होतं. पण मग मी दोन पावलं मागे सरकलो आणि मला दिसलं, की तू दोर कठड्याच्या खांबाला दीड वेढा देऊन धरला आहेस. माझ्यासारखा. मी तुला ते कधी शिकवलं नव्हतं. आणि दुखऱ्या खांद्याच्या बाजूने धरला होतास.

मग मी तीन दिले.

तू इतका मोठ्यांदा ओरडलास की क्रेनवाल्याने काम थांबवलं. धक्क्यावरची माणसं पाणी कुठे लागलं म्हणून खाली बघायला लागली. मुकादम टाळ्या वाजवत होता, लेक रडत होती, आणि वहिनी दोन्ही हात तोंडाशी धरून विचारत होती, उलथणा आणला का. आणला आहे. बदकाच्या पिशवीत आहे.

बाहुल्या मी हलवल्या नाहीत, पायाशी जागा पुष्कळ आहे. खिडकी नाही, पण भिंतीला कान लावला की पलीकडून पाणी जाताना ऐकू येतं. मी पहिल्यांदाच खाली आहे. इथे वाटलं होतं तसं काही नाही. उद्या सकाळी मला त्या काचेच्या खोलीतल्या माणसाकडे घेऊन चल. मला त्याला बघायचं आहे. आणि नऊ हजार हातही.

एक सांगायचं राहिलं. पाच वाजता मी तुझ्या शेजारी कठड्याशी उभा होतो. खाली त्या माणसांनी खुंटावरचे फास काढले आणि दोर पाण्यात सोडून दिले. तू दोर बघत नव्हतास, माझे हात बघत होतास. मला ते कळलं.

हात कठड्यावरच राहिले, दादा.

लोभ आहे तसाच धरून ठेवावा.

तुझा
धाकटा